मुलाच्या नाकाखाली मधाच्या रंगाची खपली? घरातलं उरलेलं मलम लावण्याआधी हे वाचा

पावसाळ्यात बालवाडीत जाणाऱ्या एखाद्या मुलाच्या नाकाखाली बारीकसा लाल फोड येतो. दुसऱ्या दिवशी तो फुटतो, लस येते आणि वाळून पिवळसर खपली धरते. घरात कुणी म्हणतं 'जर उठलाय', कुणी म्हणतं 'नागीण', तर आजीच्या मते रात्री झोपेत 'कोळी मुतला'. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला की आणखी चार निदानं येतात.

बहुतेक वेळा यात कोळ्याचा काही दोष नसतो. हा इम्पेटिगो असू शकतो, म्हणजे त्वचेच्या अगदी वरच्या थरात होणारा जिवाणूंचा संसर्ग. 2 ते 5 वर्षांच्या मुलांमध्ये तो सर्वांत जास्त दिसतो.

ओळखायचं कसं?

सगळ्यात मोठी खूण म्हणजे खपलीचा रंग. काकवी सांडून तिथेच वाळावी, तशी सोनेरी-तपकिरी, चिकट खपली दिसते. नाक आणि तोंडाच्या आसपास ती जास्त असते, हातापायांवरही येते. सावळ्या त्वचेवर लाली पटकन दिसत नाही, म्हणून खपलीकडेच लक्ष द्यावं. खाज असते, पण फार दुखत नाही आणि मूल एरवी खेळत असतं. काही मुलांना, विशेषतः तान्ह्या बाळांना, पाण्याने भरलेले मोठे फोडही येतात.

गजकर्ण गोल पसरतं, त्याची कड उठलेली आणि मधला भाग मोकळा असतो. जर उठतो तेव्हा बारीक फोडांचा पुंजका येतो आणि आग होते. खरजेची खाज रात्री वाढते, बोटांच्या बेचक्यात दिसते आणि घरातले इतरही खाजवत असतात. मात्र खरूज किंवा इसब खाजवून जखम झाली, की तिथेच इम्पेटिगो होऊ शकतो. अशा वेळी दोन्हींवर उपचार लागतात.

हा होतो कशामुळे?

स्टॅफिलोकॉकस ऑरियस आणि स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस या दोन जिवाणूंमुळे. यातला पहिला कित्येक निरोगी माणसांच्या नाकातही मुक्कामाला असतो. डास चावलेली जागा, खरचटलेला गुडघा किंवा सर्दीत पुसून पुसून सोललेलं नाक एवढी वाट त्याला पुरते. मूल तिथे खाजवतं, तेच बोट गालाला लावतं, मग धाकट्या भावंडाला. टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यातूनही तो पसरतो.

उपचार सोपे, चूक महागात

थोड्याच जागी संसर्ग असेल तर डॉक्टर सहसा म्युपिरोसिन किंवा फ्युसिडिक ॲसिडचं मलम देतात. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ कापडाने खपली अलगद सैल करायची, साबणाने धुवायचं, कोरडं करून मग मलम लावायचं. खपली ओरबाडून काढायची नाही. साधारण 5 ते 7 दिवसांचा कोर्स असतो. फोड बरेच असतील, पसरत असतील किंवा ताप असेल तर पोटातून अँटिबायोटिक लागतं. जखम वरवरची असल्याने डाग सहसा कायमचे राहत नाहीत.

बिघडतं ते वेगळ्याच ठिकाणी. गजकर्णासाठी आणलेली ट्यूब कपाटात असते, तीच लावली जाते. मेडिकलमधून मिळणाऱ्या अशा 'ऑल इन वन' मलमांत अनेकदा क्लोबेटासॉलसारखं तीव्र स्टेरॉइड असतं. ते लावल्यावर लाली आणि खाज एक-दोन दिवसांत उतरते, त्यामुळे गुण आला असं वाटतं. प्रत्यक्षात त्या जागेची प्रतिकारशक्ती दबते, संसर्ग आत वाढतो आणि डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत खरं रूपच ओळखू येत नाही. लहान मुलाची नाजूक त्वचाही त्याने पातळ होते. ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचण्याचा कंटाळा इथे परवडणारा नाही. चुना, मिसरी, टूथपेस्टही नको. त्याने जखम भाजते.

शाळेचं काय?

अँटिबायोटिक सुरू करून किमान 24 तास होईपर्यंत मुलाला घरीच ठेवावं आणि नंतरही फोड झाकूनच पाठवावं. टॉवेल वेगळा, नखं कापलेली, मलम लावल्यावर मोठ्यांनीही हात धुतलेले, एवढं पाळलं तर घरातली इतर मुलं बरीचशी वाचतात.

पुढचे काही आठवडे काय पाहायचं?

काही थोड्या मुलांमध्ये स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर किडनीला सूज येते. हे खपल्या पडून गेल्यावर, साधारण 3 ते 6 आठवड्यांनी दिसतं, त्यामुळे पालकांना दोन्हींचा संबंध लागत नाही. सकाळी डोळ्यांभोवती सूज, लघवी कमी होणं किंवा तिचा रंग कोऱ्या चहासारखा होणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांना गाठावं आणि आधी त्वचेवर फोड आले होते हे आठवणीने सांगावं.

तान्ह्या बाळाला ताप असेल, अंग लाल होऊन कातडी सोलवटत असेल किंवा फोडाभोवतीची जागा गरम, कडक आणि दुखरी झाली असेल, तर मलमावर वेळ न घालवता थेट रुग्णालयात न्यावं.