एकसष्ट मेगापिक्सेल आणि उधळलेला भंडारा

निपाणी तालुक्यातल्या आप्पाचीवाडीत हालसिद्धनाथाच्या यात्रेला भंडाऱ्याची उधळण सुरू झाली की समोरचं सगळंच पिवळं होऊन जातं. त्या धुरळ्यातला एकेक कण कॅमेऱ्यात धरता येईल का? २०१९ साली आलेला सोनीचा ए७आर ४ हा कॅमेरा ६१ मेगापिक्सेलचा, म्हणजे आडवे ९५०४ आणि उभे ६३३६ पिक्सेल. चौकटीत तीन मीटर रुंदीची गर्दी घेतली, तर एका पिक्सेलच्या वाट्याला जेमतेम एक तृतीयांश मिलिमीटर जागा येते. सेकंदाला तीन मीटर वेगाने उडालेला भंडारा १/५०० सेकंदात सहा मिलिमीटर पुढे जातो, म्हणजे १९ पिक्सेल ओलांडतो! त्याला एकाच पिक्सेलात थांबवायचं तर शटर १/९५०० सेकंदाचं हवं. या कॅमेऱ्याचं यांत्रिक शटर १/८००० वर संपतं, आणि तिथपर्यंत जायलाही भर दुपारचं ऊन लागतं. संध्याकाळी आयएसओ वाढवावा लागतो, दाणे दिसू लागतात, आणि मोजलेले पैसे त्या दाण्यांत जातात.

याहून मोठं नवल खुद्द प्रकाशाचं आहे. भिंगाच्या छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, त्यामुळे एक बिंदू सेन्सरवर बिंदू म्हणून उतरतच नाही, त्याची बारीक चकती होते. लग्नात वधूवरांमागे पाहुण्यांच्या तीन रांगा उभ्या राहिल्या की सगळेच स्पष्ट यावेत म्हणून फोटोग्राफर ॲपर्चर एफ ११ पर्यंत बंद करतो. तेव्हा ही चकती सुमारे १५ मायक्रॉनची होते. ६१ मेगापिक्सेलच्या सेन्सरवरचा एक पिक्सेल असतो ३.८ मायक्रॉनचा. म्हणजे एकच बिंदू चार पिक्सेलभर पसरतो! भिंग कितीही महाग घ्या, यातून सुटका नाही.

आणि हा फोटो शेवटी दिसतो कुठे? १२ बाय ३६ इंची अल्बमचं अर्धं पान ३०० डीपीआयने छापायला १९.४ मेगापिक्सेल पुरतात. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात ते सहज बसतं. फ्लेक्सचं गणित तर थक्क करणारं आहे. मोठा बोर्ड करायचा म्हटलं की फोटो फाटेल अशी भीती हमखास वाटते. पण निरोगी डोळ्याला पाच मीटरवरून दीड मिलिमीटरहून बारीक तपशील वेगळा दिसत नाही. या हिशेबाने रस्त्याकडेच्या १० बाय ८ फुटी फ्लेक्सला साडेतीन मेगापिक्सेलसुद्धा पुरतात!

फाइलींचा भार मात्र खराखुरा असतो. ६१ मेगापिक्सेलच्या या कॅमेऱ्याची अनकॉम्प्रेस्ड रॉ फाइल सुमारे १२० एमबीची. एका लग्नात ३००० फ्रेम धरल्या तर ३६० जीबी, आणि बॅकअपची दुसरी प्रत धरून ७२० जीबी. लग्नसराईत बेळगावच्या एखाद्या स्टुडिओकडे लागोपाठ ऑर्डरी असतात. कार्ड रिकामी करणं, सिलेक्शन, एडिटिंग, सगळंच रेंगाळतं. शिवाय पिक्सेलच्या रांगा जितक्या जास्त, तितका सेन्सर वाचायला वेळ अधिक. त्यामुळे आवाज नको म्हणून सायलेंट शटर लावलं, तर मंगल कार्यालयातल्या एलईडी दिव्यांचे पट्टे फोटोत उमटू शकतात. अक्षता पडण्याचा क्षण पुन्हा घेता येत नाही.

अशा कॅमेऱ्याला त्याचं काम मिळालं की मात्र तो डोळे दिपवतो. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची. तिच्या छतातलं दगडी कमळ हलत नाही. ट्रायपॉड लावा, हवा तितका वेळ घ्या. छिन्नीची खूण न् खूण मिळेल. जुनी कागदपत्रं, चित्रं, शिलालेख यांच्यासाठीही मी हाच कॅमेरा सुचवेन.

लग्न, यात्रा आणि मिरवणुकांवर ज्यांचं घर चालतं त्यांनी माझ्या मते २४ ते ३३ मेगापिक्सेलवर थांबावं. उरलेल्या पैशांत उजेड जास्त घेणारी एक चांगली लेन्स आणि बॅकअपच्या दोन हार्ड डिस्क घ्याव्यात. तरीही मोठा कॅमेरा घ्यायचाच असेल, तर आधी एका लग्नापुरता भाड्याने आणा, आणि त्याच फाइलींवर पूर्ण अल्बम करून पाहा.