फीत काय सांगते?

मंडळी, जुन्या जर्मन गणवेशाच्या काजात अनोळखी फीत दिसली, तर आपण नुसते रंग पाहू नयेत. रंगांचा क्रम पाहावा. काळ्या फितीवर कडांजवळ दोन पांढरे पट्टे असले, तर तो १९१४ चा आयर्न क्रॉस, लढणाऱ्याचा. पांढऱ्या फितीवर काळे पट्टे असले, तर प्रत्यक्ष न लढणाऱ्याचा. १९३९ च्या आयर्न क्रॉसला मध्ये रुंद लाल, मग पांढरा, कडेला काळा. हेच उलटं, मध्ये काळा आणि कडेला लाल, असलं की झाला वॉर मेरिट क्रॉस! म्हणजे घाईत पाहिलं, तर आपण पुरवठा सांभाळणाऱ्याला रणवीर ठरवून मोकळे होतो. आणि क्रम अचूक ओळखला, तरी कळतं ते पदकाचं नाव. त्या माणसानं युद्धात नेमकं काय केलं, हे फीत सांगत नाही.