बंबाशेजारी रुग्णवाहिका

हिंगोलीत घराला आग लागली, तर १०१ क्रमांक फिरवायचा; नगरपालिकेचा आगीचा बंब येतो. रस्त्यात कोणी कोसळले, तर फिरवायचा १०८. मग दुसऱ्या ठिकाणाहून रुग्णवाहिका येते. (११२ वर दोन्हींसाठी मदत मागता येते.) जपानमध्ये मात्र दोन्हींसाठी ११९ हाच क्रमांक. फोन घेणारा पहिला प्रश्न विचारतो, “आग की रुग्ण?” उत्तर काहीही असो, गाडी निघते ती अग्निशामक दलाचीच! तेथे १९३३ साली योकोहामा शहरात अग्निशामक केंद्रातून रुग्णवाहिका धावू लागली, आणि १९६३ साली कायद्याने हे काम दलाकडेच सोपवले गेले. आपल्या शेजारच्या गोव्यातही अग्निशमन केंद्रांत बंबांबरोबर रुग्णवाहिका असतात.

आग विझवणाऱ्यांचा रुग्णांशी काय संबंध, असे तुम्हाला वाटेल. दोन गोष्टी त्यांना जोडतात: प्राणवायू आणि वेळ.

जळण, उष्णता आणि प्राणवायू एकत्र आले की आग पेटते. आगीत अपुऱ्या ज्वलनाने कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो. आपल्या रक्तातील हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेते. पण हा वायू त्याला प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. म्हणून आगीत सापडलेला माणूस अंगाला चटकाही न बसता नुसत्या धुराने दगावू शकतो. त्याला बाहेर काढल्याबरोबर शुद्ध प्राणवायू द्यावा लागतो. बंबापाठोपाठ रुग्णवाहिका लागते ती यासाठी.

आता वेळेचा हिशेब पाहू. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे २ टक्के, पण प्राणवायू तो सुमारे २० टक्के वापरतो. हृदय बंद पडले, तर चार ते सहा मिनिटांत मेंदूला इजा होऊ लागते. कोणी छाती दाबून रक्त फिरते ठेवले नाही, तर वाचण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी घटते.

महाराष्ट्रात १०८ ची सेवा २०१४ साली ९३७ रुग्णवाहिकांनिशी सुरू झाली. राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३,०७,७०० चौरस किलोमीटर. भागाकार करा: एका गाडीच्या वाट्याला सरासरी ३२८ चौरस किलोमीटर आले. एवढ्या क्षेत्रफळाच्या वर्तुळाची त्रिज्या भरते सुमारे १० किलोमीटर. ताशी ४० किलोमीटर वेगाने वर्तुळाच्या कडेला पोचायला १५ मिनिटे लागतील. चार मिनिटांत गाडी कशीबशी अडीच किलोमीटर जाते.

अग्निशामक केंद्राचे महत्त्व येथे कळते. तेथे रात्रंदिवस माणसे तयार बसलेली असतात, गाडी मिनिटभरात निघते, आणि गल्लीबोळ त्यांच्या पायाखालचे असतात. केंद्र मध्यभागी असेल, तर हिंगोलीएवढे शहर अडीच किलोमीटरांच्या वर्तुळात बरेचसे मावते.

मग सगळ्याच नगरपालिका असे का करीत नाहीत? अडचण गाडीची नाही, माणसांची आहे. समजा, बंबावरच्याच तुकडीने रुग्णाला नांदेडला नेले. अंतर ८० किलोमीटरांच्या आसपास. ताशी ५० किलोमीटर वेग धरला, तरी जाऊन-येऊन तीन तासांहून अधिक झाले. तेवढ्यात गावात आग लागली, तर बंब नेणार कोण? म्हणून छप्पर एक असले तरी तुकड्या दोन लागतात. जपानमध्ये रुग्णवाहिकेवर तीन जणांची वेगळी, प्रशिक्षित तुकडी असते. त्यांचा पगार, शिक्षण आणि पाळ्या यांचा खर्च लहान नगरपालिकेला सहज पेलणारा नसतो.

आणि हे सारे जमले, तरी खेड्यांचे काय? हिंगोलीपासून कळमनुरी सुमारे २० किलोमीटर. म्हणजे अर्धा तास! तेथे शहरातल्या केंद्राची गाडी चार मिनिटांत पोचणे शक्य नाही. पहिली मिनिटे जवळ उभ्या असलेल्या माणसाच्याच हाती असतात. कोसळलेला मोठा माणूस हाकेला ओ देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर १०८ ला फोन करून छातीच्या मधोमध दोन्ही तळहातांनी दाबायचे: ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. हे जाणकाराकडून बाहुलीवर शिकून घ्या; धडधाकट मित्रावर सराव मुळीच करू नका.

आता एक गणित तुमच्यासाठी. तुमच्या शाळेपासून अग्निशामक केंद्र आणि रुग्णवाहिकेचा तळ किती लांब आहेत, ते नकाशावर मोजा. ताशी ४० किलोमीटर वेगाने लागणारी मिनिटे काढा. उत्तर चारपेक्षा जास्त आले, तर तुमच्या वर्गात छाती दाबण्याचे शिक्षण किती जणांनी घेतले आहे, तेही मोजा.