जुन्या डिझेल मोटारीचा जोर कां कमी होतो?

पंधरा-वीस वर्षें चाललेली डिझेल मोटार ज्यांच्या दारीं आहे, अशा बागाईतदारांची एक तक्रार हटकून ऐकूं येते. गाडी सपाटीवर बरी चालते, परंतु चढ लागतांच तिचा दम जातो. कारागिराकडे नेली कीं तो इंजिन खोलण्याचा सल्ला देतो, आणि हंगामाच्या कमाईचा मोठा भाग त्यांत खर्ची पडतो. वास्तविक पुष्कळ वेळां दोष इंजिनांत नसून त्याला मिळणाऱ्या तेलांत किंवा हवेंत असतो. पुढील विवेचन यांत्रिक पंपाच्या जुन्या गाड्यांपुरतें आहे.

डिझेल इंजिनांत ठिणगी नसते. दट्ट्या हवेस दाबून तिचें आकारमान सुमारें विसाव्या हिश्शावर आणतो; त्या दाबानें ती ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते, आणि तींत तेलाचा बारीक फवारा सोडतांच तें पेट घेतें. सबब तेल, हवा व दाब या तिहींपैकीं कशाची उणीव आहे, हें आधीं ठरवावें. धूर तें बरेंचसें सांगतो. चढावर गाडी पूर्ण जोरानें चालवावी व मागून कोणास तरी पाहण्यास सांगावें. धूर काळा असेल तर हवा कमी पडते किंवा नॉझल तेल नीट फवारीत नाहीं; निळा असेल तर वंगण जळतें; इंजिन तापल्यावरही पांढरा राहिला तर दाब कमी असावा, फवाऱ्याची वेळ चुकत असावी, किंवा थंडाव्याचें पाणी आंत शिरत असावें. आणि जोरही नाहीं व धूरही नाहीं, तर तेलच पोंचत नाहीं असें समजावें. या शेवटच्या लक्षणानें पुष्कळ जण फसतात. धूर नाहीं म्हणजे सर्व ठीक, असा त्यांचा समज होतो.

पाटांत गाळ सांचला असतां एका वाफ्यास पाणी पुरतें, साऱ्या शेतास पुरत नाहीं. तसेंच हें. सपाटीवर तेल थोडें लागतें, म्हणून अर्धवट बुजलेली वाट तेथें कळत नाहीं.

आमच्या गाडीचें असेंच झालें. पंप उतरवून दुरुस्तीस पाठवावा, असें आम्हांस सांगण्यांत आलें होतें. त्यापूर्वीं मीं स्वच्छ डिझेलचा डबा पंपाहून उंच, तापणाऱ्या भागांपासून दूर, पक्का बांधला. तेलाची व परतीची अशा दोन्ही नळ्या त्यांत सोडल्या आणि गाडी त्याच चढावर नेली. ती पूर्वींसारखी चढली! टाकी उतरवून पाहतां शोषनळीच्या टोकाची जाळी गंजानें व काळ्या चिकट गाळानें बुजलेली निघाली. टाकींत पाणी सांचलें कीं डिझेलमध्येंही सूक्ष्म जीव वाढतात. हा गाळ त्यांचाच. पिंपांतून डिझेल भरणाऱ्यांनीं तळचें तेल कधींही घेऊं नये.

टाकी उतरविण्याआधीं सोपे उपाय करावे. टाकीचें झांकण सैल करतांच जोर परत आला, तर त्याचें वायुछिद्र बुजलें आहे. तेलाचा फिल्टर बदलावा व त्याखालचें पाणी सोडावें. नळींत पारदर्शक तुकडा जोडल्यास बुडबुडे दिसतात. ते दिसले तर सांध्यांतून हवा शिरते. धूर काळा असल्यास हवेची गाळणी पाहावी, आणि टर्बो असेल तर त्याची रबरी नळी फाटली आहे कां तेंही पाहावें. पॅडल पूर्ण दाबलें असतां पंपाची दांडी शेवटपर्यंत जाते कां, आणि कांहीं मैल चालल्यावर एखादें चाक हातास कढत लागतें कां, हीं तपासणी तर फुकटच होते. चाक कढत असल्यास ब्रेक धरून राहतो. इंजिनास उगाच बोल लागतो.

नॉझलच्या फवाऱ्याजवळ हात मात्र नेऊं नये. तें तेल कातडी भेदून आंत जातें आणि जखम लहान दिसली तरी हात गमावण्याची पाळी येते. असें घडल्यास तत्काळ इस्पितळ गांठावें.

इतकें करूनही जोर आला नाहीं, तर प्रत्येक सिलिंडराचा दाब मापकानें मोजून घ्यावा. एखाद्यांतच तो फार कमी निघाला, तर व्हॉल्व्ह, रिंगा किंवा हेडचें गॅस्केट गेलें असण्याचा संभव आहे, आणि इंजिन खोलण्याचा खर्च तेव्हां करावा.