लायनर किती सोसेल?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका बोअरिंग वर्कशॉपमध्ये होंडा सिटी १.५ व्हीटेकचा उघडा ब्लॉक बाकावर होता. जुन्या बाजारातून टर्बो आणलेल्या तरुण मालकाने विचारले, "मिस्त्री, हे लायनर किती हॉर्सपॉवर झेलतील?" मिस्त्रींनी आधी बोअर गेज उचलले. प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये आणि खाली, उभा-आडवा मापला. वरच्या रिंगेच्या जागी झीज सर्वांत जास्त निघाली.

हा ब्लॉक ॲल्युमिनियमचा, आत ओतीव लोखंडाचे पातळ लायनर. वरून पाहिले की लायनरभोवती पाण्याची मोकळी खाच दिसते. याला ओपन डेक म्हणतात. लायनरच्या वरच्या टोकाला बाजूने आधार नाही आणि स्फोटाचा दाब नेमका तिथेच सर्वाधिक असतो. कंपनीच्या मूळ १०६ हॉर्सपॉवरसाठी ही रचना पुरेशी आहे. टर्बो लावला की हिशोब बदलतो.

तो हिशोब आम्ही तिथेच कागदावर मांडला. बोअर ७५ मिलिमीटर. आतला दाब १०० बार धरला, तर पिस्टनवर सुमारे ४.५ टन जोर येतो. लायनरची भिंत ३ मिलिमीटर धरली आणि बाहेरचा आधार सोडून दिला, तर भिंतीत सुमारे १२५ मेगापास्कल ताण निर्माण होतो. अर्धा मिलिमीटर ओव्हरसाइज बोअर केले की भिंत पाव मिलिमीटरने पातळ होते आणि ताण १३७ वर जातो. साधे ओतीव लोखंड दाब उत्तम सोसते. ताण सोसण्यात मात्र ते कच्चे, कारण त्यातल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांच्या टोकांपासून तडा सुरू होतो. ६००० आरपीएमला एका सिलिंडरमध्ये सेकंदाला ५० स्फोट होतात. इतक्या वेळा ताण आला की एका ओढीत तुटण्याच्या मर्यादेच्या बऱ्याच खाली लोखंड थकते.

"दादा, बोअर करून लायनर गोल होईल, जाड नाही होणार," मिस्त्री म्हणाले.

खरा घात करते ते नॉकिंग. उरलेले मिश्रण आपोआप पेटते आणि दाबाच्या लाटा भिंतीवर हातोड्यासारख्या आदळतात. शिवाय कनेक्टिंग रॉड तिरका असल्याने पॉवर स्ट्रोकला पिस्टन एका बाजूला रेटला जातो. म्हणून तडा बहुधा त्याच बाजूला, वरच्या भागात सापडतो. पाणी कमी होणे आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येणे ही त्याची लक्षणे.

म्हणूनच हॉर्सपॉवरचा एकच आकडा सांगणे चूक आहे. तीच ताकद वरच्या आरपीएमला काढली तर टॉर्क कमी लागतो आणि लायनरवरचा दाबही कमी राहतो. खालच्या आरपीएमला एकदम भरलेला बूस्ट, गरम हवा, कमी पडणारे पेट्रोल आणि पुढे सरकलेले इग्निशन टायमिंग यांनी माफक ताकदीलाही लायनर फुटतो.

डक्टाइल आयर्नचे जाड लायनर बसवणे हा पक्का उपाय आहे. मात्र त्या मशिनिंगचा खर्च स्वस्त बिल्डच्या बजेटमध्ये सहसा बसत नाही. तेव्हा मूळ लायनरवरच टर्बो चालवायचा असेल, तर पैसा आधी बोअरचे माप, इंटरकूलर, पुरेसे इंजेक्टर आणि जाणकाराचे ट्यूनिंग यांवर खर्च करा. बूस्ट कमी ठेवा. नॉकिंग ऐकू आले, तर त्याच क्षणी पाय ॲक्सिलरेटरवरून काढा.