लेनचा कैरो-निवास आणि 'ताज अल्-अरूस' ची नक्कल

परदेशांत राहून तेथील लोकांच्या चालीरीती टिपून ठेवणाऱ्या प्रवाशांचे ग्रंथ संशोधकांच्या नेहमींच्या परिचयाचे आहेत. परंतु असा ग्रंथ वाचतांना आपण त्यांत वर्णिलेल्या लोकांकडे पाहतों, किंवा फार तर लेखकाकडे पाहतों. त्याला माहिती कोणीं पुरविली, पुस्तकें कोणीं मिळवून दिलीं, नक्कल कोणाच्या हातची, याकडे आपलें लक्ष सहसा जात नाहीं. एडवर्ड विल्यम लेन या इंग्रज गृहस्थाचें मिसर देशाविषयींचें कार्य या दृष्टीनें तपासण्यासारखें आहे. त्यांतील एक धागा हिंदुस्थानांतूनहि गेलेला आहे. म्हणून तें हस्तलिखितांचा संग्रह करणाऱ्या वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

(१) लेनचा जन्म इ. स. १८०१ मध्यें इंग्लंडांतील हेरेफर्ड येथें एका धर्मोपदेशकाच्या घरीं झाला. लंडनमध्यें तो ताम्रपटावर चित्रें खोदण्याचा धंदा शिकला. पण प्रकृति साथ देईना आणि मनानें मिसर देशाचा ध्यास घेतलेला. १८२५ च्या सप्टेंबरांत तो अलेक्झांड्रिया येथें उतरला व तेथून कैरोस गेला. तेथें त्यानें तुर्की पोशाख धारण केला, 'मन्सूर एफेंदी' हें नांव घेतलें आणि अरबी भाषेचा व्यासंग आरंभिला. १८२८ पर्यंत तो त्या देशांत होता. नाईल नदींतून दुसऱ्या धबधब्यापर्यंत त्यानें दोन सफरी केल्या व शेंकडों चित्रें काढलीं. पुन्हा १८३३ च्या अखेरीस येऊन तो १८३५ पर्यंत राहिला. या दुसऱ्या मुक्कामाचें फळ म्हणजे अर्वाचीन मिसरी लोकांच्या रीतिरिवाजांवरील त्याचा प्रसिद्ध द्विखंडात्मक ग्रंथ होय. तो १८३६ च्या डिसेंबरांत लंडन येथें बाहेर पडला.

लेन हा कैरोंत पाहुणा म्हणून न राहतां शेजारी म्हणून राहिला, आणि त्यामुळें शेजाराचे नियमहि त्यास लागू झाले. कुटुंबवत्सल लोकांच्या मोहल्ल्यांत अविवाहित पुरुषानें बिऱ्हाड करूं नये अशी तेथील रीत होती. मोहल्ल्याच्या प्रमुखानें त्याला लग्नाचा आग्रह केला, नाहीं तर निदान एखादी दासी तरी विकत घ्यावी असें सुचविलें. आणि ही हकीकत लेननें स्वतःच ग्रंथांत नमूद केली आहे. समाजाचा नियम असा स्वतःच्या अंगावर येऊन कळला म्हणजे त्याचें वर्णन ऐकीव राहत नाहीं.

(२) ग्रंथांत न्हाणीघरें, लग्नें, सुंता, प्रेतयात्रा, पाणके, जादूटोणा, वजनेंमापें असे सारे विषय आहेत. आमच्या वाचकांस त्यांतील पुस्तकव्यवहाराचें प्रकरण विशेष उपयोगाचें वाटेल. त्या वेळच्या कैरोंत, लेनला मिळालेल्या माहितीप्रमाणें, पुस्तकविक्रे आठांहून अधिक नव्हते, आणि त्यांचीं दुकानेंहि भरलेलीं नसत. पुस्तकांचीं पानें बहुधा बांधलेलीं नसत. पांच दुहेरी पानें एकांत एक घालून एक जुडगा होई. त्यास 'कर्रास' म्हणत. असे अनेक जुडगे एका पुठ्ठ्याच्या वेष्टनांत सुटेच ठेवीत. यांत एक मोठी सोय होती. एका ग्रंथाची एकच प्रत असली तरी अनेक विद्यार्थी एकेक जुडगा घेऊन तो ग्रंथ एकाच वेळीं वाचूं शकत. पुस्तकें उभीं न ठेवतां आडवीं, एकावर एक रचीत. ज्यांनीं आपले सुट्या पानांच्या पोथ्यांचे गठ्ठे हाताळले आहेत त्यांस हें चित्र अनोळखी वाटणार नाहीं.

कागद जाड, बहुतेक व्हेनिसहून आलेला, आणि त्याला घोटून चकाकी मिसर देशांत आणीत. शाई दाट व गोंदाळ, लेखणी बोरूची. लेखणी व शाई यांचें घर कमरपट्ट्यांत खोंवलेलें असे. पुठ्ठ्यावर दोरे ताणून बसविलेल्या 'मस्तरा' नांवाच्या साधनावर कागद दाबला म्हणजे ओळी उमटत. आपल्याकडील पोथीलेखकहि पाटीवर दोरे ताणून अशाच ओळी उठवीत. मजुरीचा दर लेननें दिला आहे तो असा: सुमारें पंचवीस ओळींचें एक पान, अशा वीस पानांच्या एका कर्रासाबद्दल साध्या अक्षरांत सुमारें तीन पियास्टर, अक्षर सुंदर असल्यास अधिक, स्वरचिन्हें घालून पाहिजे असल्यास जवळ जवळ दुप्पट. आपले लेखक बत्तीस अक्षरांचा एक 'ग्रंथ' धरून मोबदला मोजीत. तेथें जुडग्यावर मोजीत. एकूण एकच गोष्ट: अक्षर हा मोजून घ्यावयाचा माल होता.

या पुस्तकविक्र्यांपैकीं शेख अहमद नांवाच्या एकाचें वर्णन लेननें प्रस्तावनेंतच केलें आहे. वडिलार्जित धंदा पुस्तकांचा. पण गृहस्थ दरवेशांच्या एका पंथांतील, आणि जिवंत साप व कांच खाण्याबद्दल त्याची ख्याति! लेनच्या घरीं तो वारंवार येई. पुस्तकें तर आणीच, पण बातम्या, वदंता व लोकसमजुतीहि घेऊन येई. जुन्या बाजारांत पोथ्यांचा शोध घेत हिंडलेल्या कोणाहि संग्राहकास असा एखादा शेख अहमद आठवल्यावांचून राहणार नाहीं.

(३) कैरोंत त्या काळीं कॉफीचीं दुकानें हजारांहून अधिक होतीं असें लेन म्हणतो. संध्याकाळीं, विशेषतः सणांच्या दिवशीं, तेथें कथा सांगणारे बसत. बनू हिलाल टोळीचा वीर अबू झैद याची कथा गाणारे सुमारें पन्नास. बैबर्स सुलतानाची कथा सांगणारे सुमारें तीस. अंतरा या वीराची कथा वाचणारे सहांहून अधिक नाहींत. पहिल्या वर्गाचे लोक पोथी न घेतां, 'रबाब' नांवाच्या तंतुवाद्याच्या साथीवर मुखोद्गत म्हणत. शेवटल्या वर्गाचे लोक मात्र पोथी पुढें ठेवून वाचीत. मौखिक व लिखित परंपरा एकाच शहरांत शेजारीं शेजारीं कशा नांदत होत्या याची ही आंकड्यांसहित नोंद महत्त्वाची आहे. पहिल्या वर्गास तेथें 'शाइर' म्हणत. आपला 'शाहीर' हा शब्द त्याच अरबी मूळचा. 'दौत', 'कलम' व 'दुकान' या शब्दांचे सोबतीहि त्या बाजारांत जागोजाग भेटतात.

(४) आतां मुख्य विषयाकडे येऊं. १८४२ मध्यें लेन तिसऱ्यांदा कैरोस गेला तो अरबी-इंग्रजी महाकोश रचण्याच्या निश्चयानें. खर्चाचा भार लॉर्ड प्रूडो, म्हणजे पुढें नॉर्थंबरलंडचा ड्यूक झालेला सरदार, यानें उचलला होता. कोशास आधार म्हणून लेननें 'ताज अल्-अरूस' हा ग्रंथ निवडला. चौदाव्या-पंधराव्या शतकांतील फिरूझाबादीच्या 'कामूस' या कोशावरील ही विस्तृत टीका होय. 'कामूस' म्हणजे महासागर. त्यांतील रत्नांनीं घडविलेला 'नववधूचा मुकुट' असा टीकेच्या नांवाचा आशय. अमरकोशावर क्षीरस्वामीची टीका जशी, तशीच ही मूळ शब्दाला आधार व अवतरणें जोडीत जाते. मात्र विस्तार कितीतरी पट मोठा.

या टीकेचा कर्ता सय्यद मुर्तझा अझ्झबीदी. याच्या नांवावरून तो यमनांतील झबीद गांवचा वाटतो. पण त्याचा जन्म हिजरी ११४५, म्हणजे इ. स. १७३२ चे सुमारास, अयोध्या प्रांतांतील बिलग्राम येथें झाला. दिल्लीस शाह वलीउल्लाह यांच्याजवळ त्याचें कांहीं अध्ययन झालें. पुढें तो हिजाझ व यमन येथें गेला आणि १७५३ च्या सुमारास कैरोस येऊन स्थायिक झाला. तेथें चौदा वर्षें खपून १७७४ मध्यें त्यानें 'ताज' पुरा केला. त्याच सुमारास महंमद बे अबू-द्-दहब या अमीरानें अल्-अझ्हरसमोर मशीद बांधून तिला ग्रंथालय जोडलें, व त्यासाठीं या ग्रंथाची प्रत एक लक्ष दिरहमांस घेतली. १७९१ च्या प्लेगांत झबीदी कैरोंतच वारला. सारांश, अरबी भाषेचा सर्वांत मोठा कोश अरबांच्या राजधानींत बसून लिहिणारा पुरुष हा आपल्याच देशांतून गेलेला परदेशस्थ होता. लेनच्या पूर्वीं सुमारें सत्तर वर्षें त्यानें तोच मार्ग, अधिक खोलवर, आक्रमिला होता.

(५) 'ताज' त्या वेळीं छापलेला नव्हता. मशिदींच्या ग्रंथालयांतील प्रति परधर्मीयाच्या हातीं लागणें अशक्य. तेव्हां लेननें शेख इब्राहीम अद्-दसूकी या विद्वानास नकलेसाठीं नेमिलें. शेख आपल्या जबाबदारीवर थोडथोडीं पानें आणी, उतरून घेई, आणि मग दोघे बसून तीं ताडून पाहत. ही नक्कल चोवीस जाड खंडांत झाली, आणि तिला सुमारें तेरा वर्षें लागलीं. लेन १८४९ मध्यें इंग्लंडास परतला तेव्हां ती पुरी झालेली नव्हती. उरलेला भाग मागाहून पाठविण्यांत आला. कोशाचा पहिला भाग १८६३ मध्यें प्रसिद्ध झाला. १८७६ मध्यें लेन वारला तेव्हां त्याचें काम 'क़ाफ़' या एकविसाव्या वर्णापर्यंत आलें होतें. राहिलेलें त्याचा नातू लागणाऱ्या स्टॅन्ली लेन-पूल यानें टिपणांवरून १८९३ पर्यंत, पण त्रोटक स्वरूपांत, छापविलें. 'ताज' संपूर्ण छापून निघाला तो १८९० च्या सुमारास, कैरोंतच.

दसूकीनें पुढें बुलाक छापखान्यांत मुद्रितशोधनाचें काम केलें. लेनशीं झालेल्या परिचयाची हकीकत त्यानें स्वतः अरबींत लिहून ठेविली, आणि ती अली पाशा मुबारक यांच्या 'खितत' नामक ग्रंथांत जतन झाली आहे. परदेशी अभ्यासकाविषयीं त्याच्या साहाय्यकानें लिहिलेलें असें टिपण क्वचितच हातीं लागतें.

(६) लेनवर आक्षेपहि आले आहेत. १९७८ मध्यें एडवर्ड सईद यांनीं दाखविलें कीं, वेष पालटून व स्नेह जोडून माहिती घ्यावयाची, आणि लिहितांना मात्र अलिप्त साक्षीदाराची भूमिका घ्यावयाची, ही लेनची रीत सरळ नव्हे. आक्षेप बिनतोड नसला तरी विचार करण्याजोगा आहे. शिवाय ग्रंथांत कांहीं गोष्टींविषयीं मौन आहे. नफीसा नांवाची मूळची ग्रीक मुलगी दासी म्हणून मिसर देशांत आली होती; तिला लेननें १८२८ मध्यें इंग्लंडास नेलें, व १८४० मध्यें तिच्याशीं विवाह केला. दासप्रथेचें सविस्तर वर्णन करणाऱ्या त्या ग्रंथांत तिचा उल्लेख नाहीं. अंतःपुरांत पुरुषाचा प्रवेश नसल्यामुळें तेथील माहिती त्याची बहीण सोफाया पूल हिनें मिळविली. तिचीं पत्रें १८४४ ते १८४६ या काळांत स्वतंत्रपणें प्रसिद्ध झालीं. लेनचा पहिला मोठा ग्रंथ, मिसर देशाचें सचित्र वर्णन, प्रकाशकाअभावीं हस्तलिखितच राहिला. तो छापून निघावयास इ. स. २००० साल उजाडलें. पावणेदोनशें वर्षें तो केवळ नीट जपला गेला म्हणूनच आज हातीं आहे.

(७) हा विषय आम्हीं निवडला त्यास एक खाजगी कारणहि आहे. शिक्षकाच्या नोकरींतून निवृत्त झाल्यावर आम्हीं एका जुन्या घराण्यांतील संस्कृत पोथ्यांची यादी केली. ग्रंथ, ग्रंथकार, पत्रसंख्या व शक इतकें काळजीपूर्वक लिहिलें. पुष्पिकेंतील लेखकाचें नांव, त्याचें गांव, कोणासाठीं व कोणाच्या प्रतीवरून लिहिलें, हा मजकूर 'अनावश्यक' म्हणून गाळला. पुढें एका पावसाळ्यांत तो गठ्ठा भिजला, आणि सर्वांत बाहेरचीं म्हणून शेवटचीं पानें प्रथम गेलीं. ग्रंथ अन्यत्र मिळतील. तीं नांवें आतां कोठेंच नाहींत. हा दोष आमचा आहे आणि तो भरून येण्यासारखा नाहीं.

दसूकीचें नांव राहिलें तें त्यानें स्वतः लिहून ठेविलें म्हणून, आणि लेननेंहि तें आपल्या कोशाच्या प्रस्तावनेंत नोंदविलें म्हणून. आपल्या संग्राहकांनीं यादी करतांना लेखकाचें नांव, मूळ प्रतीचा मालक, मजुरीचा उल्लेख व शोधनाच्या खुणा यांसाठीं एक रकाना राखावा, आणि पोथीचें शेवटचें पान आधीं वाचावें, अशी आमची त्यांस नम्र सूचना आहे.