औद्योगिक क्रमिक संदेशवहन : वेगमर्यादा

कारखान्यातील मापक उपकरणे, यंत्रे व नियंत्रक यांच्यामधील माहिती तारांवरून एकामागून एक जाणाऱ्या विद्युत् संकेतांच्या रूपाने पाठविण्याच्या पद्धतीला औद्योगिक क्रमिक संदेशवहन म्हणतात. माहितीचा लहानात लहान घटक म्हणजे द्विमान अंक (बिट) होय. दर सेकंदास किती बिट जातात, यावरून जोडणीचा वेग सांगतात. तारेची लांबी, तिची विद्युत् धारणा, टोकांपासून होणारे परावर्तन, भोवतालचा विद्युत् गोंगाट आणि संदेशाची मांडणी यांमुळे या वेगावर मर्यादा पडते. यांपैकी कोणता घटक आड येतो हे न ओळखता वेग वाढविल्यास जोडणी चाचणीच्या वेळी बिनचूक चालते आणि शेजारची मोठी मोटर सुरू होताच संदेश गमावू लागते.

हा प्रश्न तारायंत्राइतकाच जुना आहे. लांब केबलीत संकेताला होणारा विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, असे विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) यांनी १८५५ मध्ये दाखविले. १८५८ मध्ये अटलांटिकखालून टाकलेल्या पहिल्या केबलीवरून व्हिक्टोरिया राणीचा ९८ शब्दांचा संदेश पोहोचण्यास सु. १६ तास लागले. तार म्हणजे लांबच लांब पसरलेले विद्युत् धारित्र होय. प्रत्येक बिटाच्या वेळी ते भरावे व रिकामे करावे लागते आणि हे घडण्यापूर्वीच पुढचा बिट आला, तर दोहोंच्या कडा एकमेकींत मिसळतात.

आरएस-२३२ व आरएस-४८५ : अमेरिकेतील इलेक्ट्रॉनिक इंडस्ट्रीज असोसिएशन या संस्थेने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या आरएस-२३२ या मानकात प्रत्येक संकेतासाठी एक तार व सर्वांसाठी एक सामाईक परतीची तार असते. त्याच्या १९६९ च्या ‘सी’ आवृत्तीत वेग सेकंदास २०,००० बिट व केबलीची लांबी सु. १५ मी. सांगितली होती. पुढील आवृत्तीत लांबीऐवजी २,५०० पिकोफॅराड ही धारणेची मर्यादा घातली गेली. खरा अडसर धारणेचाच असल्याने हा बदल योग्यच होता. सामाईक तारेमुळे दोन टोकांच्या भूसंपर्कांतील विद्युत् दाबाचा फरक थेट संकेतात मिसळतो. त्यामुळे कारखान्यातील लांब अंतरांसाठी ही पद्धत सोयीची नाही.

आरएस-४८५ (१९८३) या मानकात एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारांवर परस्परविरुद्ध संकेत पाठवितात आणि ग्राही त्यांमधील फरक तेवढा पाहतो. बाहेरील गोंगाट दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडत असल्याने वजाबाकीत तो निघून जातो व ०.२ व्होल्ट इतका फरकही ओळखता येतो. एका जोडीवर ३२ प्रमाण भार जोडता येतात. सेकंदास १ कोटी बिट हा वेग व १,२०० मी. ही लांबी हे दोन्ही आकडे या पद्धतीबाबत नेहमी एकत्र छापले जातात. मात्र ते एकाच वेळी साध्य होत नाहीत. व्यवहारातील ठोकताळा असा, की वेग (बिट प्रतिसेकंद) व लांबी (मीटर) यांचा गुणाकार सु. १० कोटींच्या आत असावा. म्हणजे १,२०० मी. अंतरावर सेकंदास सु. ८०,००० बिट, तर १ कोटी बिट हवे असल्यास अंतर जेमतेम १० मी. चांगली केबल व काटेकोर जोडण्या असल्यास ही रेषा ओलांडता येते. प्रोफिबस या प्रणालीत १०० मी. पर्यंत १.२ कोटी बिटांचा वेग मान्य आहे.

परावर्तन : संकेत तारेतून प्रकाशाच्या सु. दोन-तृतीयांश वेगाने जातो, १,२०० मी. ओलांडण्यास त्याला सु. ६ मायक्रोसेकंद लागतात. टोकाशी तारेच्या लाक्षणिक संरोधाइतका, सामान्यतः १२० ओहमचा, रोधक नसेल, तर संकेत परावर्तित होऊन परत येतो. सेकंदास ९,६०० बिट असताना एक बिट १०४ मायक्रोसेकंद टिकतो. परावर्तने बिटाच्या प्रारंभीच विरून जातात आणि ग्राही बिटाच्या मध्यावर वाचन करीत असल्याने चूक होत नाही. १० लाख बिटांच्या वेगाला मात्र बिट १ मायक्रोसेकंदाचाच असतो व पूर्वीच्या बिटाचा प्रतिध्वनी नंतरच्या बिटावर येऊन आदळतो. रोधक न बसविता वर्षानुवर्षे चाललेली जोडणी वेग वाढविताच बिघडते, ती यामुळे.

बॉश कंपनीने १९८६ मध्ये जाहीर केलेल्या कॅन या पद्धतीत मर्यादा आणखी कडक आहे. तीत दोन उपकरणे एकाच वेळी बोलू लागली, तर कोणी माघार घ्यावी हे प्रत्येक बिटागणिक ठरते. त्यासाठी बिट संपण्यापूर्वी संकेत दूरच्या टोकाला जाऊन परत यावा लागतो. म्हणून १० लाख बिटांना सु. ४० मी., तर १,२५,००० बिटांना सु. ५०० मी. अंतर चालते.

प्रत्यक्ष प्रतिसादकाल : बिटांचा वेग म्हणजे नियंत्रणाचा वेग नव्हे, हे खरेदी करताना पुष्कळदा विसरले जाते. मॉडबस (१९७९) या पद्धतीचे उदाहरण घेऊ. तीत एक अक्षर ११ बिटांचे असते. एका उपकरणातील १० नोंदी वाचण्यास प्रश्नोत्तर मिळून ३३ अक्षरे, म्हणजे ३६३ बिट लागतात. ९,६०० च्या वेगाला त्यास ३८ मिलिसेकंद व संदेशांमधील सक्तीच्या शांततेस ८ मिलिसेकंद लागतात. उपकरणास उत्तर तयार करण्यास १० मिलिसेकंद लागतात असे मानले, तर ३० उपकरणांची एक फेरी सु. १.७ सेकंदांत होते. वेग १२ पट, म्हणजे १,१५,२०० केला, तर बिटांचा काळ ३ मिलिसेकंदांवर येतो. पण शांतता ३.५ व उपकरणाचे १० मिलिसेकंद राहतातच. फेरी अर्ध्या सेकंदाची होते. बारा पट वेगाच्या बदल्यात सु. साडेतीन पट लाभ झाला आणि तारेची अनुज्ञेय लांबी घटली. बाष्पित्रातील पाण्याच्या तापमानाला पावणेदोन सेकंदांचा विलंब चालतो. दाबयंत्राखाली हात आल्यास ते थांबविण्याचा आदेश मात्र अशा फेरीवर सोपविता येत नाही. त्यासाठी स्वतंत्र सुरक्षा मंडल असावे लागते.

नवी दिशा : क्लॉड शॅनन यांनी १९४८ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार मार्गाची क्षमता त्याची पट्टरुंदी आणि संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर यांवर अवलंबून असते. वर सांगितलेल्या मर्यादा या क्षमतेच्या पुष्कळच आत आहेत. त्या साध्या व स्वस्त ग्राहींच्या मर्यादा आहेत. २०१९ मधील आयईईई ८०२.३सीजी या मानकानुसार एका जोडीवरून १,००० मी. अंतरापर्यंत सेकंदास १ कोटी बिट दोन्ही दिशांनी एकाच वेळी पाठविता येतात. त्यासाठी तीन पातळ्यांचे संकेत वापरतात आणि तारेने केलेली विकृती व प्रतिध्वनी ग्राहीतील गणिताने काढून टाकतात. या लांब पल्ल्याच्या प्रकारात जोडीच्या दोन टोकांना दोनच उपकरणे असतात. एकाच तारेवर अनेक उपकरणे टांगावयाची असतील, तेथे आरएस-४८५ चा वापर चालू आहे.